दहा पुस्तकं, चार रात्री आणि एक कपाट

तर मंडळी, विषय होता फक्त दहा पुस्तकांचा. पण त्यावरून आमच्या गर्ल्स हॉस्टेलमध्ये जी वादावादी झाली, तेवढी मेसच्या पोळ्यांवरूनसुद्धा कधी झाली नव्हती!

झालं असं, की हॉस्टेल डेचे थोडे पैसे उरले होते. रेक्टर मॅडम म्हणाल्या, "कॉमन रूममधलं ते रिकामं कपाट बघवत नाही. पुस्तकं घ्या. पैसे दहा पुस्तकांपुरतेच आहेत. आणि कुठली घेतली, का घेतली, ते मला लेखी द्या." आता दहांत चरित्रंही, कादंबऱ्याही, गेटची गाइडंही असं सगळं कोंबलं असतं, तर धड काहीच झालं नसतं. म्हणून ठरलं, की सगळी सायफायच घ्यायची. म्हणजे विज्ञानकथा. 'गीक' म्हणवणारीने वाचलीच पाहिजेत अशी दहा.

फळ्यावर नावं लिहायला जेवणानंतर सुरुवात केली. रात्री अकरापर्यंत सदतीस झाली होती. त्यातली सत्तावीस खोडायची, म्हणजे प्रत्येक वेळी कुणाचं तरी लाडकं पुस्तक खोडायचं. झाली भांडणं सुरू!

आता गीक म्हणजे कोण, ते आधी सांगते, कारण स्टाफ रूममध्ये या शब्दाबद्दल बरेच गैरसमज आहेत. गीक म्हणजे टॉपर नव्हे. टॉपर विचारते, "सर, हे परीक्षेला येणार का?" गीक विचारते, "सर, पण हे चालतं कसं?" आणि तेही तास संपायला दोन मिनिटं असताना. (टॉपर आणि गीक एकाच मुलीत असू शकतात. मी दोन्ही नाही, मी नुसती वाचते.)

पहिली रात्र : शब्दांची कसोटी

पहिली कसोटी मांडली कॉम्पवालीने. ती म्हणाली, "सोपं आहे. ज्या पुस्तकातले शब्द आपण रोज वापरतो, ते पुस्तक पाहिजेच."

कल्पना झकास होती. 'रोबॉट' हा शब्द कारेल चापेक या झेक लेखकाच्या १९२० सालच्या 'आर. यू. आर.' या नाटकातून आला. 'सायबरस्पेस' विल्यम गिब्सनचा. आधी १९८२ च्या एका कथेत आला आणि मग १९८४ च्या 'न्यूरोमॅन्सर' कादंबरीमुळे सगळीकडे पोचला. 'मेटाव्हर्स' नील स्टीफन्सनच्या 'स्नो क्रॅश' (१९९२) मधला. त्यावरूनच फेसबुक कंपनीने २०२१ साली आपलं नाव मेटा केलं. 'ग्रॉक' हा रॉबर्ट हाइनलाइनने १९६१ साली मंगळवासीयांच्या तोंडी घातलेला शब्द. त्याचा अर्थ एखादी गोष्ट आतून, अंगात भिनेपर्यंत समजणं. २०२३ मध्ये एका चॅटबॉटचं तेच नाव ठेवलं गेलं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट 'वर्म'ची. जॉन ब्रनरच्या 'द शॉकवेव्ह रायडर' (१९७५) मध्ये नेटवर्कमधून आपोआप पसरत जाणारा एक प्रोग्राम आहे, त्याला त्याने 'टेपवर्म' म्हटलंय. पुढे झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या दोघांनी खरोखरच असे प्रोग्राम चालवून बघितले, आणि १९८२ साली त्यावर पेपर लिहिताना नाव ब्रनरच्या पुस्तकावरूनच घेतलं. म्हणजे नेटवर्क सिक्युरिटीच्या ओरलला आपण जो शब्द घडाघडा सांगतो, तो एका कादंबरीतून आलाय!

कॉम्पवाली जिंकणार असं वाटत असतानाच तिच्या रूमीने विचारलं, "तुझ्या मिनी प्रोजेक्टमध्ये रँडम सीड किती टाकलंयस?"

"बेचाळीस."

"का?"

"सगळे बेचाळीसच टाकतात."

हे बेचाळीस डग्लस अ‍ॅडम्सच्या 'द हिचहायकर्स गाइड टु द गॅलक्सी' मधलं. १९७८ साली बीबीसीवर श्रुतिका म्हणून सुरू झालं, १९७९ मध्ये पुस्तक आलं. त्यात डीप थॉट नावाचा संगणक जीवन, विश्व आणि सगळ्याचंच उत्तर शोधायला पंचाहत्तर लाख वर्षं घेतो आणि शेवटी म्हणतो, बेचाळीस. मूळ प्रश्न काय होता, हे मात्र कुणालाच माहीत नसतं! (आमच्या काही जर्नल्सची अवस्था साधारण अशीच असते.) तर ते पुस्तक कॉम्पवालीने वाचलेलंच नव्हतं. शब्द पुस्तकातून बाहेर पडून केव्हाच स्वतंत्र झाला होता. मग शब्द कळण्यासाठी पुस्तक 'वाचलंच पाहिजे' कसं म्हणणार? कसोटी बाद.

दुसरी रात्र : भविष्याची कसोटी

दुसऱ्या रात्री ई अँड टीसीवाली उभी राहिली. "जे पुस्तक खरं ठरलं, ते घ्या. आर्थर क्लार्कने उपग्रहांबद्दल आधीच लिहून ठेवलं होतं."

ही गोष्ट खरी आहे. विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीबरोबरच एक फेरी पूर्ण करतो, म्हणून जमिनीवरून तो एकाच जागी थांबल्यासारखा दिसतो. असे तीन उपग्रह ठेवले तर जवळजवळ सगळ्या जगाशी संपर्क साधता येईल, हे क्लार्कने १९४५ साली मांडलं. आपले इन्सॅट उपग्रह याच कक्षेतले. पण क्लार्कने ते लिहिलं 'वायरलेस वर्ल्ड' नावाच्या तांत्रिक मासिकातल्या लेखात! ती विज्ञानकथा नव्हतीच. ई अँड टीसीवाली पाच मिनिटं गप्प बसली. हाही एक विक्रमच.

उलट बाजूने गिब्सन. त्याने 'न्यूरोमॅन्सर' साध्या टाइपरायटरवर लिहिली, आणि संगणकांच्या जाळ्यात शिरणाऱ्या माणसांच्या त्या जगात मोबाइल फोनच नाहीत. नायकासाठी ओळीने लावलेले सार्वजनिक फोन एकामागून एक वाजतात. म्हणून काय पुस्तक रद्दीत टाकायचं? खरं ठरणं हा निकष लावला तर पंचांगवाल्यांनाही कपाटात जागा द्यावी लागेल, असं मेकवाली म्हणाली. कसोटी दुसरी, बाद.

तिसरी रात्र : कागद-पेन्सिलची कसोटी

आता मेकवालीची पाळी. ती बोलली नाही. तिने मेसच्या बिलाची मागची कोरी बाजू घेतली आणि एक वर्तुळ काढलं.

लॅरी निव्हनची 'रिंगवर्ल्ड' ही कादंबरी १९७० सालची. त्यात कुणीतरी एका ताऱ्याभोवती प्रचंड कडं बांधलंय. पृथ्वी सूर्यापासून जेवढी लांब, साधारण तेवढी त्याची त्रिज्या, म्हणजे सुमारे पंधरा कोटी किलोमीटर. माणसं राहतात कड्याच्या आतल्या बाजूवर. गुरुत्वाकर्षण कुठून आणायचं? कडं गरगर फिरवायचं. किती वेगाने? मेकवालीने आकडे घातले : पृथ्वीएवढा भार जाणवायला सेकंदाला सुमारे बाराशे किलोमीटर. एवढ्या वेगानेसुद्धा एका फेरीला नऊ दिवस लागतात, एवढं ते मोठं.

मग तिने दुसरी ओळ लिहिली. फिरत्या कड्यातला ताण म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग. (मशीन डिझाइनला फ्लायव्हील शिकलात ना? तेच.) पोलादाची घनता घातली तर उत्तर येतं चांगल्या पोलादाच्या ताकदीच्या कोटभर पट! म्हणजे पोलादाचं कडं फिरायच्या आत फाटेल. निव्हनलाही ते माहीत होतं, म्हणून त्याने एक काल्पनिक पदार्थच घेतला.

पण खरी गंमत पुढे आहे. मेकवालीने विचारलं, "समजा पदार्थ मिळाला. मग कडं ताऱ्याभोवती नीट मध्यावर राहील का?"

मी म्हटलं, "राहील की! तारा सगळीकडून सारखाच ओढतोय. मग जाणार कुठे?"

चूक. साफ चूक. बरोबर मध्यावर असेपर्यंत सगळे ओढ एकमेकांना तोलून धरतात, हे खरं. पण पालथ्या वाटीवर गोटी ठेवली तर तीही क्षणभर राहते. कडं एका बाजूला जरासं सरकू द्या. आता कड्याचा एक भाग ताऱ्याच्या जवळ आला, म्हणजे त्याच्यावरची ओढ वाढली. तो आणखी जवळ जातो, ओढ आणखी वाढते, आणि शेवटी कडं ताऱ्यावर आदळतं. ग्रह असा पडत नाही, कारण तो स्वतंत्रपणे आपल्या कक्षेत फिरतो. अखंड, ताठ कड्याला ती सोय नाही. शनीचं कडं अखंड घन असेल तर टिकणार नाही, ते सुट्या तुकड्यांचंच असलं पाहिजे, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८५९ सालीच छापलं होतं. हो, तोच मॅक्सवेल, ज्याची समीकरणं आपल्याला दुसऱ्या वर्षी छळतात.

१९७१ साली अमेरिकेत बॉस्टनला विज्ञानकथावाल्यांचं जागतिक संमेलन भरलं होतं. तिथे एमआयटीची पोरं हॉटेलच्या कॉरिडॉरमधून घोषणा देत फिरली, की रिंगवर्ल्ड अस्थिर आहे! ही हकिगत स्वतः निव्हननेच लिहून ठेवलीय. पोरांचं म्हणणं त्याने मान्य केलं आणि पुढे 'द रिंगवर्ल्ड एंजिनियर्स' हा दुसरा भाग लिहिला. त्यात कड्याच्या काठावर ते सावरून धरणारी इंजिनं आहेत. आणि हो, पहिल्या आवृत्तीत त्याने पृथ्वीसुद्धा उलट दिशेने फिरवली होती. तेही नंतर दुरुस्त केलं!

मेकवाली म्हणाली, "हीच कसोटी. जे पुस्तक वाचताना आपण मधेच थांबून कागद-पेन्सिल घेतो, ते गीकचं पुस्तक. चुकलेलं असलं तरी चालेल. भांडावंसं वाटलं पाहिजे."

हे सगळ्यांना पटलं. कारण या कसोटीवर पुस्तकं वेगळीच दिसायला लागली. आयझॅक आसिमोव्हचं 'आय, रोबॉट' (१९५०) घ्या. रोबॉटचे तीन नियम सगळ्यांना पाठ असतात : माणसाला इजा करू नको, माणसाचं ऐक, स्वतःला जप, आणि याच क्रमाने. पण त्या कथा नियमांबद्दल नाहीत, नियम कुठे अडकतात त्याबद्दल आहेत. १९४२ सालच्या 'रनअराउंड' कथेत बुधावर स्पीडी नावाच्या रोबॉटला सेलेनियम आणायला पाठवतात. हुकूम सहज दिलेला, म्हणून दुसरा नियम जरा सैल. रोबॉट महागाचा, म्हणून तिसरा नियम मुद्दाम घट्ट केलेला. सेलेनियमच्या तळ्याजवळ धोका आहे. जवळ गेला की तिसरा नियम मागे ओढतो, लांब गेला की दुसरा पुढे ढकलतो. बिचारा जिथे दोन्ही सारखे होतात तिथेच तळ्याभोवती घिरट्या घालत बसतो! कंट्रोल सिस्टिम्सचा अख्खा युनिट या एका कथेत आहे. शेवटी एक इंजिनियर स्वतःचा जीव धोक्यात घालतो, तेव्हा पहिला नियम जागा होतो आणि चक्र तुटतं.

अँडी वीअरच्या 'द मार्शियन' मध्ये मंगळावरच्या वादळाने यान कलंडायला येतं. पण तिथल्या हवेचा दाब आपल्या एक टक्क्याच्या आसपास. तिथला वारा असं काही करूच शकत नाही. वीअरने ते कबूलही केलंय. कथेला सुरुवात हवी होती, म्हणून वादळ ठेवलं. बाकी बटाट्यांचा हिशेब मात्र करून बघण्यासारखा आहे.

आणि मेरी शेली! 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८ साली छापलं गेलं तेव्हा ती वीस वर्षांची होती. म्हणजे माझ्या वयाची. पुस्तकावर तिचं नावही नव्हतं. तिथे गणित नाही, पण प्रश्न आहे : बनवलेल्या गोष्टीची जबाबदारी बनवणाऱ्याने टाळली तर काय होतं? प्रोजेक्ट गाइडने सगळ्यांना वाचायला लावावं असं पुस्तक.

चौथी रात्र

चौथ्या रात्री यादी जवळजवळ झाली होती. फर्स्ट इयरची एक मुलगी रोज मागच्या बाकावर बसून ऐकायची. तालुक्याच्या गावातून आलेली, दहावीपर्यंत मराठी माध्यम. ती म्हणाली, "ताई, एक विचारू? यात मराठी एकही नाही?"

आणि मी, जिच्या घरी सगळे मराठीच बोलतात ती मी, पटकन बोलून गेले, "मराठीत सायफाय असतं?"

कुणी हसलं नाही. तीही काही बोलली नाही. उठून रूमवर गेली. मला वाटलं, रागावली. पाच मिनिटांनी जयंत नारळीकरांच्या कथांची दोन पुस्तकं घेऊन आली. एक 'यक्षांची देणगी'. शाळेत बक्षीस मिळालेलं, ब्राउन पेपरचं कव्हर घातलेलं.

मग तिने सांगितलेली गोष्ट मी इथे सांगते, कारण माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्या बऱ्याच जणी आहेत. नारळीकर केंब्रिजला फ्रेड हॉइलचे विद्यार्थी. (हॉइल स्वतः विज्ञानकथा लिहायचे, त्यांची 'द ब्लॅक क्लाउड' १९५७ ची.) दोघांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त १९६४ चा. म्हणजे १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली, तेव्हा नारळीकर जगभर माहीत होते. त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, पण 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. नाव बघून नंबर नको, कथा बघून द्या, असा हिशेब. आणि पहिला नंबर आला! पुढे २०२१ साली नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २० मे २०२५ ला पुण्यात ते गेले, तेव्हा माझ्या फोनवर सगळ्यांचे स्टेटस होते. मीही टाकला होता. एक ओळही न वाचता.

"ठीक आहे, एक मराठी घेऊ," कुणीतरी म्हणालं. यावर मेकवाली भडकली. "कोट्यातून घेणार? मग नकोच." फर्स्ट इयरवालीही शांतपणे म्हणाली, "मलापण तसं नकोय. तुमच्या कसोटीवर बघा ना."

बघितलं. तिने 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा मोठ्याने वाचून दाखवली. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवली की मोबियसची पट्टी होते. आम्ही ड्रॉइंगच्या ट्रेसिंग पेपरची केली. तिच्यावर 'क' हे अक्षर सरकवत एक फेरी मारून आणलं, तर ते आरशातल्यासारखं उलटं होऊन परत येतं. दोन मितींत हे होतं, तर तीन मितींत माणूसच असा फिरून आला तर? डावा उजवा होईल, आणि गणपतीची सोंडही दुसरीकडे वळेल. एवढ्यावर केमिकलवाली उठली. "थांबा! तो माणूस मेसचं जेवण पचवेल का?" कारण आपल्या शरीरातली प्रथिनं डाव्या हाताच्या अमिनो आम्लांची बनतात, आणि साखर लागते ती उजव्या हाताची. उलट्या माणसाला अन्नही उलटंच लागेल. रात्री दीडपर्यंत यावर वाद चालला. कागद-पेन्सिलची कसोटी? पूर्ण गुणांनी पास!

'मिती' म्हणजे डायमेन्शन, हे मला विचारावं लागलं. ती वाचत होती आणि मी दर परिच्छेदाला अडत होते. तीन रात्री ती इंग्रजी नावं ऐकत कशी बसली असेल, ते मला तेव्हा कळलं. तीन रात्री आम्ही 'हे वाचलं नाही म्हणजे तू गीकच नाहीस' असं एकमेकींना म्हणत होतो. तिला कुणी म्हटलं नव्हतं. पण ती ऐकतच होती ना?

आणि शेवटचा धक्का. दुसऱ्या पुस्तकात 'गंगाधरपंतांचे पानिपत' दिसली. इतिहासाचे प्राध्यापक गायतोंडे अपघातानंतर अशा जगात जाऊन पोचतात, जिथे १७६१ चं पानिपत मराठ्यांनी जिंकलंय, कारण विश्वासरावांना गोळी लागलीच नाही. वाचता वाचता मला वाटलं, अरे, हे मला माहितेय! अकरावीला सीबीएसईच्या इंग्रजीच्या पुस्तकात 'द अ‍ॅडव्हेंचर' नावाचा धडा होता. मी त्यावरची उत्तरं पाठ करून मार्क मिळवले होते. मराठीत सायफाय असतं का, म्हणे! मी वाचलेलं होतं, फक्त इंग्रजीतून.

नंतर लायब्ररीतल्या काकांना ही हकिगत सांगितली तर ते हसले. म्हणाले, "आम्ही तर शाळेत ज्यूल व्हर्न वाचला तोच भा. रा. भागवतांच्या मराठीतून. व्हर्न फ्रेंच, हे पुढे कळलं!"

तर मग यादी?

'यक्षांची देणगी' आत आलं, त्यामुळे एक बाहेर गेलं. मतदानात गेलं ते आसिमोव्हचं 'फाउंडेशन', माझं सगळ्यात लाडकं. बाबांच्या पिवळ्या पडलेल्या प्रतीत वाचून मी या नादाला लागले. मी खूप भांडले. नोबेल मिळालेला अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन ते वाचून अर्थशास्त्राकडे वळला, हेही सांगितलं. पाच विरुद्ध चार मतांनी हरले. बाबांना अजून सांगितलेलं नाही. 'ड्यून'ही गेलं. ते सुमारे वीस प्रकाशकांनी नाकारलं होतं, आम्ही एकविसावे.

रेक्टर मॅडमना लेखी दिलेलं कारण असं : 'आवश्यक' पुस्तक म्हणजे न वाचल्याबद्दल कुणाला बाहेर काढायचं पुस्तक नव्हे, ज्यावर रात्री दीडला दोघींना भांडता येतं ते. मॅडमनी सही केली आणि खाली लिहिलं, "भांडण साडेदहाच्या आत."

आता कपाट भरलंय. फर्स्ट इयरवाली 'आय, रोबॉट' वाचतेय, अडलं की माझ्याकडे येते. मी 'यक्षांची देणगी' वाचतेय, अडलं की तिच्याकडे जाते. मी जास्त वेळा जाते. या लेखातले ऱ्हस्व-दीर्घही तिनेच तपासलेत, तेव्हा चुका सापडल्या तर त्या मी नंतर घातलेल्या समजा!

यादी कॉमन रूमच्या फळ्यावर आहे. डस्टर आणि खडू शेजारीच ठेवलाय. एखादं नाव खोडायचं असेल तर खुशाल खोडा, पण शेजारी कारण लिहा. आणि गणित असेल तर पायऱ्यांसकट.